दोरीच्या आतली खुर्ची

करंजटोला, ता. देवरी
२७ जून २०२५

श्री. लखन यांस,

विषय : विजेवर चालणारी खुर्ची प्राप्त झाल्याबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यास आनंद होतो की, आपली बहीण व माझी पत्नी सौ. दुर्पता हिला गेल्या मंगळवारी गोंदियाच्या शिबिरात बॅटरीची खुर्ची मिळाली. नाव आपण नोंदवलं होतं, म्हणून हा अहवाल आपल्याला. फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्या गावात फोन फक्त तलावाच्या पाळीवर लागतो आणि तिथं वारा फार. शिवाय मी छत्तीस वर्षं वनखात्यात काढली आहेत. जे कागदावर नाही ते घडलं, असं मानण्याची मला सवय नाही.

खुर्ची फाट्यापर्यंत टेम्पोनं आली. पुढं चिखल असल्यानं चार जणांनी ती खांद्यावर उचलून आणली, चाकांना माती लागू दिली नाही. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. प्रथम सरपंच केशोराव बसले, नंतर मुख्याध्यापक, नंतर मी. फोटोपुरतं दुर्पतालाही बसवलं.

काळजीबाबत आपण निश्चिंत असावं. खुर्ची दारापुढच्या सपरीत भिंतीला टेकवून ठेवली आहे व चारी बाजूंनी दोरी बांधली आहे. गादीवरचं कंपनीचं प्लास्टिक काढलेलं नाही व कोणाला काढू देणार नाही. वर चादर आहे. चार्जर पेटीत, पेटीला कुलूप, चावी माझ्या करदोट्याला. सोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत असल्यानं देवाजवळ ठेवलं आहे. "वाहन वापर नोंदवही" उघडली असून ज्याला खुर्ची वापरायची असेल त्यानं आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यावा, असा नियम केला आहे. दुर्पतानं एकदा तोंडी मागणी केली होती, ती नियमात बसत नाही.

आजअखेर वाहन एक मीटरही चाललेलं नाही. सबब, कोणताही बिघाड नाही.

आपला,
झामसिंग, सेवानिवृत्त वनपाल

ता. क. आमच्या सोनूसाठी तिरोड्याचं चांगलं स्थळ आलं आहे. मुलगा कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. सोनूचं नागपूरला नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, तिला रविवारी पाळीवरून फोन करून विचारलं. ती हो म्हणाली. पाहुणे दसऱ्यानंतरच्या रविवारी येतील. तोपर्यंत खुर्ची नवीच्या नवी दिसली पाहिजे.


कुडवा, गोंदिया
४ जुलै

भाऊजींना जय सेवा.

तुमचा अहवाल दुकानात मोठ्यानं वाचला. दुरुस्तीला आलेले दोन ई-रिक्षावाले काम झाल्यावरही उठेनात, पुढचा भाग कधी येणार म्हणून विचारत होते.

भाऊजी, माझ्या दुकानात रोज आठ-दहा बॅटऱ्या मरायला येतात. लोक त्यांना पळवून पळवून मारतात. न पळवता मारणारे तुम्ही पहिलेच. बॅटरी रिकामी पडून राहिली की आतून मरते आणि वरून नवीच दिसते. तेव्हा चार्जर पेटीतून बाहेर काढा. खुर्ची वापरली तर त्याच दिवशी पूर्ण भरायची. नाही वापरली तरी आठवड्यातून एकदा भरायचीच. आणि ते प्लास्टिक आजच्या आज फाडा. ताईच्या कमरेखाली जाणीव नाही, प्लास्टिकवर घाम येऊन जखम झाली तर तिला कळणारही नाही. वरून घसरून पडेल ते वेगळंच.

पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून तुम्ही देवाजवळ ठेवलंत. देवालाही इंग्रजी येत असेलसं वाटत नाही. म्हणून तुम्हाला समजेल असं सांगतो. खुर्चीला बैल समजा. नवा बैल आणला म्हणून कोणी त्याला चादर पांघरून सपरीत उभा करतं का? त्याला वेळच्या वेळी चारा लागतो, रोज थोडं चालणं लागतं, काम झालं की आराम लागतो. गोठ्यातल्या जोडीचं जसं करता तसंच हिचं करा, ती दहा वर्षं साथ देईल.

आणि खुर्ची ताईची आहे, भाऊजी. हे मी नोंदवहीत लिहायला सांगत नाही, नुसतं ध्यानात ठेवा.

तुमचा,
लखन


करंजटोला
१३ जुलै

लखन,

हे पत्र आपल्या गावच्या आशा सेविका रीताच्या हाती देते आहे. ती दर सोमवारी देवरीला मीटिंगला जाते, तिथून टाकेल. तूही उत्तर तिच्याच नावानं पाठव. घरी आलेलं पाकीट तुझे भाऊजीच फोडतात, मग ते कोणाच्याही नावाचं असो.

तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. बॅटरी, चारा, बैल, सगळं वाचलं. खुर्ची ताईची आहे, हे वाक्य मात्र मी नंतर स्वतः वाचलं, ते जेवायला बसले असताना.

चिंचेवरून पडून मला तीन वर्षं झाली. तीन वर्षं मी पोत्यावर बसून घरात घसटत फिरते आहे. आता सपरीत माझ्या डोळ्यांसमोर खुर्ची आहे आणि मी तिच्या दोरीला वळसा घालून घसटत जाते. लोक येतात, चादर उचलून बघतात, चहा पितात. मागच्या आठवड्यात मुल्ल्याहून एक बाई आली, तिनं खुर्चीला हळदीकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, नशीबवान आहेस हो.

मला फार लांब जायचं नाही, लखन. मला तीनशे पावलांवरच्या पाळीवर जायचं आहे. तीन वर्षांत मी सोनूचा आवाज ऐकला तो ती सुटीत घरी आली तेव्हाच, आणि तेव्हाही हे मधे बसलेले. एरवी दर रविवारी हे पाळीवर जातात, बोलून येतात आणि मला सांगतात. आता सांगतात, लग्नाला तयार आहे, लगेच हो म्हणाली. माझी पोरगी असं बोलतच नाही. लहानपणी तिला भाजी कोणती करू विचारलं तर ती तीन भाज्यांची नावं सांगून चौथी खायची.

मी म्हटलं, "मले बैलबंडीत बसवा न पाळीवर नेऊन द्या." तर म्हणाले, "घरी सरकारी वाहन असून बंडीत जाशीन त लोक का म्हणतीन?" मग म्हटलं, त्या वाहनातच न्या. तर म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ दे, मग बघू. आता खराब कायले करतं?" म्हणजे खुर्ची आहे म्हणून बंडी नाही आणि पाहुणे आहेत म्हणून खुर्ची नाही. पाहुणे येऊन गेल्यावर सोनूला विचारून मी काय करू?

तू सोनूला फोन करून विचारशील, हे मला माहीत आहे. नको करू. मधे माणूस आला की बोलणं बदलतं. आणि पत्रात ती मजेत आहे असंच लिहील. कागदावर तर मीही तीन वर्षं मजेत आहे.

मला त्या पाळीवर कसं जायचं तेवढं सांग.

दुर्पता


कुडवा
१९ जुलै

मा. झामसिंगजी यांस,

विषय : वाहनाच्या वॉरंटीबाबत. तातडीचे.

सदर वाहन धारकाने रोज किमान दोनशे मीटर चालविणे बंधनकारक आहे. न चालविल्यास वॉरंटी आपोआप रद्द होते व वाहन परत घेतले जाऊ शकते. रोजचे अंतर आपल्या नोंदवहीत लिहावे. कळावे.

लखन


कुडवा
१९ जुलै

ताई,

भाऊजींना एक सरकारी भाषेतलं पत्र टाकलं आहे. त्यातला नियम माझ्या मनाचा आहे, पण त्यांना नियम दिसला की ते उभे राहतात. आता ते तुला रोज बाहेर काढतीलच.

तू मात्र हे नीट वाच, कारण हे खरं आहे.

चढताना आधी खुर्ची बंद कर. खुर्ची चालू असताना अंग टेकलं किंवा पदर दांडीत अडकला तर ती तुला घेऊन पळेल. हातातल्या त्या छोट्या दांडीला जॉयस्टिक म्हणतात. आधी खुर्ची खाटेला लावून उभी करायची, पाय ठेवायची पाटी वर उचलायची, रीताला धरून सरकायचं. बसल्यावर पट्टा बांधायचा. मग चालू करायची. वेग कासवावर ठेवायचा, बटणाजवळ कासवाचं चित्र आहे. पदर खोचून घे, चाकात गेला तर ओढला जातो.

आधी आठ दिवस अंगणातच फीर. सरळ, मागं, वळण. दांडी सोडली की खुर्ची आपोआप थांबते, हे हाताला शिकव. घाबरल्यावर माणूस दांडी घट्ट धरतो, तू सोडायला शीक.

मग पाळ. पाळीचा चढ सरळ चढायचा, तिरपा नाही. चढावर वळायचं नाही. रीता मागं किंवा बाजूला, पुढं कोणी नको. उतरताना आणखी हळू, पाठ टेकून. आणि खाली मोटारीजवळ एक लाल खटका आहे, तो ओढला की खुर्ची मोकळी होते आणि ढकलता येते. चढावर तो कोणालाही ओढू देऊ नकोस. मोकळी खुर्ची उतारावर थांबत नाही, ती सरळ तलावात जाईल आणि भाऊजी आधी तिचा पंचनामा करतील.

भीती वाटेल. वाटू दे. तू चिंचेवर चढायचीस तेव्हा मी खाली उभा राहून रडायचो, आठवतं का?

लखन


करंजटोला
२५ ऑगस्ट

श्री. लखन यांस,

विषय : वाहनाची पोळ्यानिमित्त केलेली विशेष निगा व तत्पश्चात उद्भवलेली किरकोळ बाब.

आपल्या ४ जुलैच्या पत्रातील सूचनेचं तंतोतंत पालन करण्यात आलं आहे. आपण लिहिलं होतं, गोठ्यातल्या जोडीचं जसं करता तसंच हिचं करा. त्यानुसार पोळ्याच्या दिवशी सकाळी जोडीसोबत खुर्चीही तलावावर नेली. बैल पाण्यात उतरवले. खुर्चीला उतरवणं योग्य वाटलं नाही, म्हणून शेजारच्या भुपेंद्रचा फवारणीचा पंप लावून काठावरच धुतली. आतल्या सांधीकोपऱ्यात, तारांच्या खोबणीत जी धूळ असते तीही निघाली. आजवर खुर्ची इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

नंतर उन्हात वाळवली. चाकांना जवसाचं तेल चोळलं. दांडीला शिंगाचा रंग दिला, वर गोंडा बांधला. पाठीवर झूल टाकली. तोरणाखाली जोडीच्या शेजारी उभी केली तेव्हा देवरीहून आलेल्या पाहुण्यांनी उभं राहून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात गावातली पोरं लाकडी नंदी ओढत आली, त्यांच्यात आपली खुर्चीही दोरीनं ओढली. समितीनं पहिला क्रमांक दिला. स्टीलचा डबा मिळाला आहे, तो दुर्पताच्या स्वाधीन केला.

वॉरंटीचे दोनशे मीटर रोज नियमित चालू होते. नोंदवही आपल्याला पाहायला मिळेल.

किरकोळ बाब अशी की, पोळ्यापासून खुर्चीचा हिरवा दिवा लागत नाही. दांडी हलवली तर टक असा आवाज येतो व पुढं काही होत नाही. बहुधा थकवा असावा. काम झाल्यावर आराम लागतो असं आपणच लिहिलं होतं, त्यानुसार चादर घालून आराम देत आहे. आराम किती दिवस द्यावा, ते कळवावं.

आपला,
झामसिंग


करंजटोला
२८ ऑगस्ट

लखन,

तुझं ते वॉरंटीचं पत्र आलं त्या दिवसापासून दोनशे मीटर रोज चालू होते, हे खरं आहे. पण चालवत होते तुझे भाऊजी. पत्रात 'धारकाने चालविणे' असं लिहिलं आहे म्हणे, आणि घराचा धारक कोण? रोज सकाळी सातला नीट कपडे घालून बसायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "का करू बाप्पा, वॉरंटीचा मामला हाय." एकदा केशोराव सरपंचांनी विचारलं, पाय दुखून राहिले काय? तर म्हणाले, "नाई, कर्तव्य हाय." मी दारातून बघत होते. हसावं की रडावं कळेना, म्हणून तांदूळ निवडत बसले.

पण ते आंघोळीला नदीवर गेले की रीता यायची आणि आम्ही दोघी दोरी सोडायचो. तू लिहिलंस तसं सगळं केलं. आधी बंद, मग सरकणं, मग पट्टा, मग कासव. पहिल्या दिवशी मी तुळशीच्या कुंडीवर गेले. दुसऱ्या दिवशी दांडी सोडायला शिकले. दहाव्या दिवशी मी अंगणभर फिरले आणि मागच्या भिंतीजवळचं लिंबाचं झाड हातानं धरून बघितलं. तीन वर्षांत त्याला लिंबं लागली होती, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पोळ्यानंतरच्या मंगळवारी पाळीवर जायचं ठरलं होतं. आणि पोळ्याला यांनी ती धुतली. ते पंप घेऊन तलावाकडे निघाले तेव्हाच मी सपरीतून ओरडले, पाणी मारू नका, पाणी मारू नका. सगळे म्हणाले, बाईमाणसाला मशीन काय कळते. मग तिकडे पंप चालू झाला आणि ढोलही.

दिवा गेला हे कळलं तेव्हा मला रडू आलं. लपवत नाही, चांगलं मोठ्यानं रडले. त्यांना वाटलं डबा मिळाल्याचा आनंद झाला.

पाहुणे पाच ऑक्टोबरला येणार आहेत. गेल्या रविवारी हे पाळीवरून येऊन म्हणाले, सोनूनं परत हो म्हटलं.

दुर्पता


कुडवा
२ सप्टेंबर

भाऊजी,

खुर्ची थकलेली नाही. तिच्या कंट्रोलरमध्ये पाणी गेलं आहे. जो बैल मी तुम्हाला पत्रातून दिला होता तो मी परत घेतो, चूक माझी. खुर्ची ही खुर्ची आहे. तिला ओल्या फडक्यानं पुसतात, फडकंही पिळून घेतात. पाण्याचा पाइप, तलाव, पाऊस आणि भुपेंद्रचा पंप यांपैकी काहीही तिच्याजवळ यायला नको. चाकाच्या रबराला तेल लावलं तर ते घसरतं आणि फुटतं. तेल पुसून काढा. गोंडा सोडा, त्याचे दोरे चाकाच्या आसात गुंतले तर मोटार जळेल.

दुसरी चूकही माझीच. दोनशे मीटरचा नियम मी बनवला होता. तो कुठंही नाही. मला वाटलं होतं, नियमाला भिऊन तुम्ही ताईला बसवाल. नियम वाचून माणूस स्वतःच बसेल हे मला सुचलं नाही. नोंदवहीतल्या त्या नोंदी कशाच्या म्हणून ठेवायच्या ते तुम्ही बघा.

मी रविवारी चौदा तारखेला येतो. दुकानात एक मोडकी खुर्ची पडली आहे, तिचा कंट्रोलर आणि जॉयस्टिक घेऊन येतो. तोपर्यंत चार्जर लावू नका, ओल्यात वीज गेली तर उरलेलंही जाईल. आणि चादर काढा, तिला हवा लागू द्या. घरात वारंवार ताईची आठवण येते, खुर्चीची नाही, हेही लिहितो. आमच्या सौ. भाग्यश्रीनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि विचारलं आहे की, डबा किती कप्प्यांचा आहे.

लखन


करंजटोला
६ ऑक्टोबर

लखन,

तू चौदा तारखेला खुर्ची बोलती करून गेलास, बॅटऱ्या अर्ध्या मेल्या आहेत, एका वेळी दीड किलोमीटरच्या वर जाऊ नको म्हणालास. ते मी पाठ करून ठेवलं होतं. चार्जर तू सपरीतल्या भिंतीवर ठोकून गेलास ते बरं केलंस, तुझे भाऊजी तो रोज रात्री स्वतःच्या हातानं लावतात. पण दोरी परत बांधली होती. म्हणाले, पाहुणे जाऊ दे.

काल पाहुणे येणार होते. हे नऊ वाजताच त्यांना आणायला फाट्यावर गेले. बस साडेअकराची, पण लवकर गेलेलं बरं म्हणाले. ते वळणाआड गेले आणि रीता आली.

मी तुला खोटं सांगत नाही, पाळीच्या पायथ्याशी माझा हात दांडी पुढं ढकलेना. चढ खालून बघितला तर भिंतच वाटली. रीता म्हणाली, "काऊन थांबली व? जाऊ परत?" मी म्हटलं, थांब जरा, हात माझा आहे, ऐकेल तो. सरळ ठेवली, पुढं झुकले, कासवावरच. मधे एक चाक खडीवर फिरलं तेव्हा मी दांडी सोडली. खुर्ची थांबली. तिथंच उभी राहिली, चढावर, मला घेऊन. मग भीती गेली. वर पोचले तेव्हा सगळा तलाव दिसला, आणि पलीकडे पिकत आलेला धान. मी तीन वर्षांत धान फक्त पोत्यात बघितला होता.

रीताच्या फोनवरून सोनूला लावला, रीता लांब जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, मजेत. मी म्हटलं, मी पण मजेत. मग ती म्हणाली, "आई, आज बाबा कुठे आहेत?" मी म्हटलं, इथे कोणी नाही, मी पाळीवर एकटी आहे, माझी मी आले. ती म्हणाली, तू? पाळीवर? मग रडायला लागली.

मी विचारलं, तिरोड्याचा मुलगा तुला पसंत आहे का? ती म्हणाली, कोणता मुलगा?

लखन, तिला माहीतच नाही. हे दर रविवारी फोन करून विचारतात, बरी आहे ना, जेवली ना, आम्ही करतो ते तुझ्या भल्याचंच करतो ना? ती म्हणते, हो बाबा. हे खाली येऊन सांगतात, हो म्हणाली. खोटं बोलत नाहीत ते. त्यांनी विचारलं तेच त्यांना ऐकू आलं. तिला अजून दोन वर्षं शिकायचं आहे आणि नंतर दवाखान्यात नोकरी करायची आहे, गोंदियातच, असं तिनं मला एका दमात सांगितलं. मी पाऊण तास बोलले. काय काय बोललो ते तुला नाही सांगणार.

इकडे काय झालं ते भुपेंद्रनं नंतर सांगितलं. पाहुणे सपरीत आले. सुपरवायझर मुलगा, त्याचे वडील घनश्यामजी, आई आणि दोघे काका. यांनी मोठ्या थाटात दोरीकडे हात केला, आणि दोरीच्या आत काहीच नाही. नुसती चादर घडी करून ठेवलेली. यांना चोरीच झाली असं वाटलं. पोलिसांना फोन करायला निघाले, फोन लागतो पाळीवर, म्हणून सगळे पाहुणे घेऊन पाळीवर आले.

मी अजून वरच होते, बघत होते. पुढे हे, मागे इस्त्रीचे कपडे सांभाळत पाच जण. घाम पुसत वर आले. यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे, चाकाला चिखल होता. हळूच म्हणाले, "अर्ज केला होता काय?"

मी पाहुण्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, "मुलीले अजून दोन वर्ष शिकाचं हाय. तुमी लांबून आले, जेवल्याशिवाय जाऊ नका. पण लग्नाची गोष्ट आज होणार नाई." घनश्यामजींनी मान हलवली, रागावले नाहीत. त्यांचं लक्ष चाकांवर होतं. म्हणाले, गाडी चार्जिंगला किती देते? त्यांच्या बायकोनं बाजूला येऊन विचारलं, शिबिर परत कधी आहे, माझे गुडघे गेले. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता, पाळीवर नेट चांगलं येतं. जेवले आणि चारच्या बसनं गेले. जाताना यांच्यापेक्षा मलाच जास्त वेळ नमस्कार केला.

त्याआधी पाळ उतरताना हे माझ्या पुढं येऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले, खुर्ची धरायला. मी म्हटलं, पुढून बाजूला व्हा, मागं या. आले. खालपर्यंत मागं चालले. दोरी मी काल सोडून रीताला दिली, तिच्या शेळीला लागत होती.

दुर्पता


करंजटोला
१२ ऑक्टोबर

प्रिय लखन,

आज रविवार, म्हणून नेहमीप्रमाणे पाळीवर गेलो होतो. दुर्पता सकाळीच जाऊन बोलून आली होती. सोनू काय म्हणाली असं मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, तुमच्यापाशी फोन आहे, तुम्हीच विचारा.

मी फोन लावला. बरी आहेस ना, असं विचारलं. ती हो म्हणाली. जेवलीस ना, असं विचारलं. ती हो म्हणाली. नेहमी मी यानंतर तिसरा प्रश्न विचारतो आणि फोन ठेवतो. आज तो विचारावासा वाटला नाही. आणि दुसरा कोणताही सुचेना. मी छत्तीस वर्षांत शेकडो लोकांचे जबाब घेतले आहेत, लखन, आणि माझ्या मुलीला काय विचारावं ते मला कळत नव्हतं. फोन कानाला लावून नुसता उभा राहिलो. वारा होता. तीही थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "तुले कराचं नसन त नको करू, बेटा." तिनं फोन ठेवला नाही.

तिथं किती वेळ उभा होतो ते मी कुठं लिहून ठेवलेलं नाही.

तुझा,
झामसिंग